बोट सुटण्यापूर्वी : परदेशी शिक्षणाची तयारी आणि मराठी समाज (१८८३–१९२३)

प्रस्तावना

परदेशी विद्यापीठात जायची तयारी म्हटली की आजच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची परीक्षा, प्रवेशअर्ज, व्हिसा आणि शैक्षणिक कर्ज आठवते. ही सगळी तयारी विद्यार्थ्याची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखातून जी माणसे शिकायला बाहेर गेली, त्यांची उदाहरणे पाहिली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : विद्यार्थी तयार झाला, पण तो ज्या समाजात परत येणार होता तो तयार होता का? या टिपणात आपण संमती, पैसा, रोजचे जगणे आणि परतीची अट या चार अंगांनी हा प्रश्न तपासू.

पार्श्वभूमी

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजीतून पदवी घेतलेला वर्ग तयार होऊ लागला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. पुढच्याच वर्षी मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. त्यामुळे देशाच्या आतल्या भागातून बंदरापर्यंत आणि तेथून युरोपपर्यंतचा प्रवास पूर्वीपेक्षा बराच सोपा झाला.

रस्ता मोकळा झाला तरी परवानगी मिळालेली नव्हती. धर्मशास्त्रातील ‘कलिवर्ज्य’ प्रकरणात द्विजांच्या समुद्रप्रवासाचा निषेध आहे. परत आलेल्याने प्रायश्चित्त घेतले नाही, तर पंगत आणि सोयरीक बंद होण्याची भीती असे. म्हणून पहिली तयारी संमतीची होती.

संमती : आनंदीबाई जोशी

आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. १८७८ मध्ये त्यांनी कोल्हापुराहून एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि त्यांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. म्हणजे अमेरिकेतले घर आनंदीबाईंना निघण्याच्या काही वर्षे आधीच मिळाले होते.

घरच्या समाजाचे मन वळवणे मात्र अवघड होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जातो याची कारणे इंग्रजीत मांडली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी तेथे सांगितले. अठराव्या वर्षाला पोचत असलेल्या विद्यार्थिनीला भरसभेत असा खुलासा करावा लागला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. शाकाहार, लुगडे आणि तिथली थंडी यांचा मेळ घालणे हीच तेथे त्यांची रोजची परीक्षा होती. मार्च १८८६ मध्ये त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या.

पैसा : देणगी, शिष्यवृत्ती, कर्ज

परदेशी शिक्षणाचा खर्च मध्यमवर्गीय घराला पेलणारा नव्हता. त्यासाठी तीन मार्ग निघाले.

पहिला मार्ग देणगीचा. दादाजी भिकाजी यांच्याबरोबरचा वैवाहिक हक्कांचा खटला मिटल्यावर रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. त्यामागे मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची आणि इतर हितचिंतकांचा आधार होता.

दुसरा मार्ग सरकारी शिष्यवृत्तीचा. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी र. पु. परांजपे अशी शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि परतून त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. येथे एक शिक्षणसंस्था त्यांच्या परतीची वाट पाहत होती.

तिसरा मार्ग कर्जाचा. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी निधी उभारून विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी परतफेडीच्या बोलीवर रक्कम देण्याची पद्धत सुरू केली.

करार आणि परत येणे : डॉ. आंबेडकर

चौथे अंग परतीच्या अटीचे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले.

कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. कागदावर सर्व व्यवस्था होती, पण शहरात राहायला खोली नव्हती. एका पारशी सराईत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीतही अस्पृश्यता सुटली नाही. अखेर नोकरी सोडून ते मुंबईला आले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले.

आंबेडकरांची विद्यार्थी म्हणून तयारी कोठेही कमी पडली नव्हती. करार एका राजाशी झाला होता, त्याच्या शहराशी नव्हे.

इतर देशांशी तुलना

चीनने १८७२ ते १८७५ या काळात १२० मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवले. ती परकी होत चालल्याच्या भीतीने १८८१ मध्ये त्यांना माघारी बोलावले. नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी १९०२ मध्ये आठ तरुणांना जपानला धाडले. या दोन्ही ठिकाणी पाठवणारे राज्य होते. मराठी मुलखात हे काम पती, मित्र, शिक्षणसंस्था, उद्योजक आणि संस्थानिक यांनी वाटून केले. म्हणून येथे विद्यार्थ्याचे भवितव्य त्याच्या पाठीशी कोण आहे यावर फार अवलंबून राहिले.

समारोप

परांजपे यांच्या पाठीशी संस्था होती आणि समाजातले स्थानही होते. आनंदीबाईंना ते स्थान सभेत उभे राहून मागावे लागले. आंबेडकरांना पदव्या मिळाल्यावरही ते नाकारले गेले. हा अनुभव व्यक्तीपुरता राहिला नाही. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा अशी मागणी केली. स्वातंत्र्यानंतर केंद्राची आणि पुढे महाराष्ट्राची परदेशी शिष्यवृत्ती योजना आली. एका संस्थानिकाच्या मर्जीने मिळणारी गोष्ट अशा रीतीने हक्काच्या दिशेने सरकली. खोली मिळण्याचा प्रश्न मात्र कोणत्याही योजनेच्या नियमावलीत बसत नाही, आणि आजच्या अभ्यासकाने तो वेगळा विचारला पाहिजे.

विचारार्थ प्रश्न

१. आनंदीबाईंच्या श्रीरामपूरच्या भाषणाचा खरा श्रोता कोण होता?
२. देणगी, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांपैकी प्रत्येक मार्गाने विद्यार्थ्यावर कोणते बंधन येते?
३. तुमच्या जिल्ह्यातून शिक्षणासाठी बाहेर गेलेल्या पहिल्या पिढीची माहिती मिळवा. परतल्यावर त्यांना घर, काम आणि मान कसा मिळाला?