ग्रब : ड्युअल बूट संगणकातील बिघाड आणि दुरुस्ती

ग्रब हा संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल डिस्कवरून उचलून स्मृतीत आणणारा आणि यंत्राचा ताबा त्याच्या हाती देणारा बूटलोडर आहे. 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' या नावाचे हे लघुरूप. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन वा अधिक सिस्टिम असतील, तर त्यांची यादी पडद्यावर मांडून निवड करू देण्याचे कामही बहुधा ग्रबच करतो. एरिक स्टेफन बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पातील हर्ड ही सिस्टिम सुरू करण्यासाठी तो लिहायला घेतला. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी त्याला ग्नूचे अधिकृत पॅकेज केले. आज वापरात असलेला ग्रब २ पुढे नव्याने लिहिला गेला. उबुंटूने ऑक्टोबर २००९ च्या ९.१० या आवृत्तीपासून तो स्वीकारला.

मेनू दिसेनासा झाला की दुकानात बहुतेकदा 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतात. बहुसंख्य प्रसंगी तशी गरज नसते. बूटलोडर बिघडला म्हणजे फाइली गेल्या असे होत नाही. घराची किल्ली हरवली तरी घरातले सामान जागेवरच असते, तसे हे आहे. खरे नुकसान होते ते घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत : चुकीच्या डिस्कवर बूटलोडर लिहिणे, पार्टिशनचा तक्ता नव्याने बनवणे, सिस्टिम पुन्हा टाकताना होमचे पार्टिशन पुसणे. म्हणून डिस्कवर काहीही लिहिण्याआधी संगणक सुरू होण्याच्या साखळीचा कोणता दुवा निखळला आहे ते ओळखणे हा या विषयातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

ही साखळी दोन प्रकारची असते. जुन्या बायोस पद्धतीत यंत्र डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. एवढ्याशा जागेत मेनू मावणे अशक्य, म्हणून ग्रबचा पहिला तुकडा फक्त दुसऱ्या तुकड्याला हाक मारतो. हा दुसरा तुकडा मास्टर बूट रेकॉर्ड आणि पहिले पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत राहतो. त्यानंतर लिनक्सच्या पार्टिशनमधील बूट फोल्डरमधून मेनू आणि बाकीचे भाग वाचले जातात. मधली ती जागा कोणाच्याच मालकीची नसल्याने विंडोजवरची काही परवाना-तपासणी करणारी सॉफ्टवेअर तिथे आपली खूण लिहून ठेवत. सॉफ्टवेअर वापरले विंडोजमध्ये आणि बंद पडले लिनक्स, असा कोड्यात टाकणारा बिघाड त्यातून होई.

दुसरी पद्धत यूईएफआय. इंटेलच्या ईएफआयपासून ती वाढली आणि २००५ पासून तिचे नियमन यूईएफआय फोरम करते. इथे बूटलोडर ही साधी फाइल असते आणि ती ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या छोट्या फॅट पार्टिशनमध्ये राहते. मायक्रोसॉफ्टचे फोल्डर वेगळे, उबुंटूचे वेगळे, त्यामुळे एकाने दुसऱ्याची फाइल पुसण्याचे कारण उरत नाही. मात्र कोणती फाइल आधी चालवायची याची क्रमवारी मदरबोर्डवरच्या कायमस्मृतीत नोंदलेली असते, आणि हल्लीचे बहुतेक बिघाड याच क्रमवारीत होतात.

मेनू न येता संगणक थेट विंडोजमध्ये जातो, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. बायोसच्या यंत्रावर लिनक्सनंतर विंडोज टाकले की विंडोजचा इन्स्टॉलर मास्टर बूट रेकॉर्डवर स्वतःचा प्रोग्राम लिहितो. ग्रबचा पहिला तुकडाच जातो, म्हणून तो पुन्हा लिहावा लागतो. आधी विंडोज, मग लिनक्स हा जुना शिरस्ता त्यातूनच पडला. यूईएफआयवर मात्र ग्रबची फाइल जागच्या जागी असते, फक्त क्रमवारीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर चढलेला असतो. सेटअपमध्ये जाऊन क्रम बदलला की काम होते. सेटअपची कळ कंपनीगणिक निराळी : एफ२, एफ१०, डिलीट, एस्केप. ती दाबायला उसंतच मिळत नसेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केल्यास सेटअपचा रस्ता उघडतो. काही यंत्रांचे फर्मवेअर हट्टी असते, लिनक्सची नोंद प्रत्येक वेळी विसरते. अशा वेळी ग्रबची प्रत ईएफआय पार्टिशनमधल्या सर्वसामान्य 'बूट' फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाने ठेवतात, कारण बाकी कुठलीही नोंद चालली नाही तर फर्मवेअर शेवटी तिथे पाहते.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द दिसले की माणूस घाबरतो. खरे तर हे चिन्ह बरेच काही सांगणारे आहे. फर्मवेअरने आपले काम केले, ग्रबचा गाभा स्मृतीत आला, पण त्याला स्वतःचे फोल्डर सापडत नाही, असा त्याचा अर्थ. वर 'नो सच पार्टिशन' असेल, तर पार्टिशन पुसले गेले आहे किंवा त्याचा क्रमांक बदलला आहे. 'अननोन फाइलसिस्टिम' असेल, तर त्या जागी आता काही वेगळेच आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून 'लिनक्स नको' म्हणून पार्टिशन काढून टाकणाऱ्यांवर हा प्रसंग हमखास येतो. त्यांना ग्रब दुरुस्त करायचाच नसतो. यूईएफआयवर विंडोजची नोंद वर आणणे पुरते. बायोसवर विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कमधून 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह द्यावी लागते.

लिनक्स शाबूत असेल, तर रेस्क्यूमधूनही ते सुरू करता येते. इथे मोजक्याच आज्ञा चालतात. 'एलएस' दिली की डिस्क आणि पार्टिशनांची यादी येते. एकेका पार्टिशनपुढे तिरकी रेघ देऊन तीच आज्ञा दिली की आतली फोल्डरे दिसतात. ज्यात बूट आणि त्यात ग्रब असे फोल्डर सापडेल, ते आपले. मग 'सेट' आज्ञेने 'रूट' म्हणून ते पार्टिशन आणि 'प्रीफिक्स' म्हणून त्यातल्या ग्रब फोल्डरचा पूर्ण मार्ग सांगायचा, 'इन्समॉड नॉर्मल' द्यायचे आणि शेवटी नुसते 'नॉर्मल'. बहुधा ओळखीचा मेनू समोर येतो. एक घोटाळा टाळायला हवा. ग्रब २ डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशने एकपासून, तर जुना ग्रब दोन्ही शून्यापासून मोजत असे. जुन्या पुस्तकातून आकडे उतरवले तर एकाने चुकतात. शिवाय मेनू आला म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. ही सोय त्या एका वेळेपुरती असते. लिनक्समध्ये शिरल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' चालवल्याशिवाय ती पक्की होत नाही. बायोसच्या यंत्रावर 'ग्रब-इन्स्टॉल'ला पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे, पार्टिशनचे नाही.

रेस्क्यू शब्द नसलेला नुसता 'ग्रब' असा प्रॉम्प्ट आला, तर स्थिती त्याहून बरी. बहुधा फक्त मेनूची फाइल सापडलेली नसते. मेनू येतो, लिनक्स निवडता येते, पण पुढे पडदा काळाच राहतो, तेव्हा ग्रबला दोष देऊ नये. त्याने ताबा सोडलेला असतो आणि चूक कर्नल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरपाशी शोधावी लागते.

मेनूत विंडोजचे नावच नाही, ही अलीकडची तक्रार आहे. इतर सिस्टिम हुडकणारा 'ओएस-प्रोबर' हा प्रोग्राम ग्रबच्या २०२१ मधील २.०६ आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवला जातो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याला बंद ठेवणारा पर्याय 'फॉल्स' करून 'अपडेट-ग्रब' चालवले की नाव परत येते. तरीही आले नाही, तर दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने टाकल्या आहेत का ते पाहावे. एक बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने असेल, तर एका मेनूतून दुसरी सुरू होत नाही.

लिनक्स कोणत्याच वाटेने सुरू होत नसेल, तर बूटेबल पेन ड्राइव्हवरचे लाइव्ह लिनक्स वापरतात. मूळ सिस्टिमचे पार्टिशन माउंट करून, त्यावर 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' ही फोल्डरे जोडून, 'सीएचरूट'ने आत शिरतात आणि तिथून ग्रब पुन्हा बसवतात. यूईएफआय असल्यास ईएफआय पार्टिशनही त्याच्या जागी माउंट केलेले हवे. पेन ड्राइव्ह स्वतः कोणत्या पद्धतीने सुरू झाला, हे इथे निर्णायक ठरते. बायोस पद्धतीने सुरू केलेल्या लाइव्ह लिनक्सला यूईएफआयच्या क्रमवारीत नोंद करता येत नाही आणि माणूस तासन्तास त्याच आज्ञा देत बसतो. 'सिस' फोल्डरमध्ये फर्मवेअरखाली 'ईएफआय' हे फोल्डर दिसले, तर यूईएफआय पद्धत चालू आहे.

सिक्युअर बूटमुळे या साखळीत सहीचा एक दुवा वाढला. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये त्याचा प्रसार झाला. फर्मवेअर फक्त सही असलेला बूटलोडर चालवते, म्हणून लिनक्सकडून मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला 'शिम' आधी चालतो आणि तो ग्रब तपासून पुढे सोडतो. जुलै २०२० मध्ये 'बूटहोल' ही ग्रबमधली त्रुटी उघड झाली. त्यानंतर जुन्या, सदोष आवृत्त्या एकगठ्ठा बाद करण्यासाठी 'एसबॅट' ही पिढीक्रमांकाची योजना आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हा क्रमांक पुढे सरकवला. ड्युअल बूट असलेले संगणक त्यातून वगळायचे होते, पण काहींची ओळख पटली नाही आणि त्यांच्यावर लिनक्सऐवजी 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश येऊ लागला. त्यावर उपाय असा : सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करायचे, 'मोकयूटिल' या आज्ञेने एसबॅटचे धोरण पुसायचे, रीस्टार्ट करायचे, शिम आणि ग्रब अद्ययावत करायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. सेटअपमध्ये असा कोणताही बदल करण्यापूर्वी विंडोजची डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बदल जाणवताच विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर त्या डिस्कवरचा मजकूर उघडता येत नाही. घाईच्या दुरुस्तीखेरीज खऱ्या अर्थाने फाइली गमावण्याचा धोका आहे तो इथे.

भारतात ड्युअल बूट करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकते : लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे. हा बूटलोडरचा बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. 'टाइमडेटसीटीएल'ने लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की फरक जातो.

दोन डिस्क असलेल्या यंत्रावर एक गोष्ट इन्स्टॉल करतानाच पाहावी लागते. दुसऱ्या डिस्कवर सिस्टिम टाकली तरी इन्स्टॉलर पुष्कळदा पहिल्या डिस्कवरच्या आधीच्या ईएफआय पार्टिशनमध्येच बूटलोडर ठेवतो. वर्षा-दोन वर्षांनी ती पहिली डिस्क काढली, की दुसरीवरची सिस्टिम पूर्ण असूनही सुरू होत नाही. नवी सिस्टिम टाकताना पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवली, तर प्रत्येक डिस्कला स्वतःचे ईएफआय पार्टिशन मिळते आणि पुढे कोणतीही एक डिस्क काढली तरी दुसरी आपली आपण सुरू होते.