लेकराची भीती आणि कोर्टाचा कागद

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर घरचेही विषय निघतात. नवरा-बायको वेगळे झालेले. वडिलांच्या भेटीचा दिवस जवळ आला की लेकराचं पोट दुखतं, झोपेत दचकतं. पण कोर्टाचा आदेश मोडायचा कसा, असं बायका आम्हाला विचारतात.

1890 चा पालक आणि पाल्य कायदा इंग्रजांचा. 2010 पर्यंत त्यात बापाचा हक्क आधी होता. 1956 च्या हिंदू कायद्यातही नैसर्गिक पालक बाप, 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र साधारणपणे आईजवळ. म्हणजे सांभाळायचं आईनं, सही बापाची! 'नंतर' म्हणजे बाप गेल्यावरच असं नाही, हे गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगायला 1999 उजाडलं.

आम्हाला मोठा वाटतो तो 1973 चा रोझी जेकब खटल्याचा निकाल. मूल ही आईबापांची मालमत्ता नव्हे, आणि ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. म्हणून भेट परस्पर बंद करू नका, त्यानं आपलीच बाजू लंगडी पडते. डॉक्टरांचा कागद जोडून वकिलामार्फत अर्ज करा. भेट थोड्या वेळाची, समुपदेशकासमोर किंवा आधी फोनवरून असावी, अशी मागणी करता येते. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं विचारात घेऊ शकतात. ही सोय तर 1890 च्याच कायद्यात आहे.