गोळी राखून ठेवण्याचा हिशोब

“आतापासूनच कायले सुरू करता जी? पाच वर्सानं लागूच पडत नाही म्हन्तेत.”

पार्किन्सन्सवरची लेवोडोपाची गोळी चिठ्ठीवर आली की आर्णीत हा सल्ला फुकट मिळतो. मेडिकलच्या काउंटरवर मिळतो, यवतमाळच्या एसटीत शेजारी बसलेल्याकडून मिळतो, सुट्टीला आलेल्या जावयाकडून मिळतो आणि क्वचित खुद्द डॉक्टरकडूनही मिळतो. सल्ल्याचं म्हणणं असं: गोळीची ताकद ठरावीक वर्षांची असते. ती आत्ताच खर्चली तर खऱ्या गरजेच्या वेळी हाती काही उरणार नाही, म्हणून निभेल तितके दिवस तसंच निभवावं. या मताला एक जुळं भावंडही आहे. हात थरथरायला लागला की काम सोडावं आणि घरी आराम करावा, असं ते सांगतं. दोघं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. काम सोडलं की गोळीची घाई राहत नाही, आणि गोळी टाळली की काम सुटतंच.

यातलं पहिलं मत अडाणीपणाचं असतं तर त्याच्यावर शाई खर्चायचं कारण नव्हतं. त्याला इतिहास आहे, आणि पूर्वपक्ष आधी नीट मांडायलाच हवा.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं उपचार म्हणावा असं फारसं काही नव्हतं. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसनने आपल्याच सर्पगंधेतून निघणारं रेझर्पिन देऊन ससे निश्चल केले आणि डोपा टोचून ते पुन्हा हालते केले. 1960 मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविचने पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा, म्हणजे डोपापासून बनणाऱ्या रसायनाचा, तुटवडा दाखवला, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेशंटांना लेवोडोपा टोचलं गेलं. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियसने डोपा तोंडावाटे, हळूहळू चढवत मोठ्या मात्रेत दिलं आणि जखडलेली माणसं चालू लागली. पण हा आनंद फार टिकला नाही. काही वर्षांत त्याच पेशंटांमध्ये गोळी लवकर उतरू लागली, आणि ती चढलेली असताना मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागले. चार ते सहा वर्षांच्या उपचारानंतर साधारण चाळीस टक्के लोकांत हे दिसतं, असं पुढे अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून मांडलं गेलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना लेवोडोपा मारक ठरतं, हेही प्रयोगशाळांतून आलं. डॉक्टर सावध झाले आणि लेवोडोपा शक्य तितकं लांबवायचा शिरस्ता पडला. त्या काळी हाती होतं तेवढ्यावरून तो चुकीचा म्हणता येत नाही.

आता उत्तरपक्ष. गोळी सुरू झाली आणि काही वर्षांनी त्रास सुरू झाला, एवढ्यावरून गोळीनेच त्रास आणला म्हणणं हा शुद्ध काकतालीय न्याय झाला. त्या वर्षांत गोळी चालू होती तसा आजारही वाढत होता. दोघांतला दोषी ओळखायचा तर आजार जुना आणि गोळी नवी, अशी माणसं हवीत. श्रीमंत देशांत ती सहसा सापडत नाहीत, कारण तिथे निदानापाठोपाठ औषध मिळतं. घानात ती सापडली.

इटलीच्या संशोधकांनी घानातल्या डॉक्टरांबरोबर केलेला हा अभ्यास 2014 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. घानातले 91 पेशंट आणि तुलनेला इटलीतले 2,282. घानात लेवोडोपा सरासरी 4.2 वर्षांनी सुरू झालेलं, इटलीत 2.4 वर्षांनी. म्हणजे घानातल्यांनी गोळी ‘राखून’ ठेवली होती. संयम म्हणून नव्हे. औषध मिळत नव्हतं, परवडत नव्हतं. राखण्याचा काही लाभ असता तर चढउतार आणि वळवळ त्यांच्यात उशिरा यायला हवी होती. तसं झालं नाही. आजार सुरू झाल्यापासून मोजलं तर दोन्ही देशांत हे त्रास साधारण सारख्याच सुमाराला आले. घानातल्या पेशंटांना गोळी सुरू केल्यावर त्यांनी लवकर गाठलं, एवढाच फरक. मधली वर्षं त्यांनी विनाऔषध काढली आणि बदल्यात काहीही मिळालं नाही.

हा अभ्यास मला आर्णीसाठी सगळ्यांत मोलाचा वाटतो. इथे उशीर वेगळा ठरवून करावा लागत नाही, तो आपोआप होतो. आजाराची पहिली खूण कित्येकदा आखडलेला खांदा असते, तेव्हा वर्षभर तेलमालिश आणि शेक चालतो. मग मणक्याचा एक्स-रे निघतो. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर यवतमाळ, सेवाग्राम किंवा थेट नागपूर; म्हणजे दिवसाची मजुरी, दोघांचं भाडं आणि पुढची तारीख. निदानाचा कागद हाती येईपर्यंत घानातल्या माणसाइतका वेळ गेलेला असतोच. त्यावर आणखी दोन वर्षं ‘राखायला’ सांगणं म्हणजे फसलेला प्रयोग पुन्हा त्याच गरिबांवर करणं.

ज्यांना घाना पुरेसा वाटत नाही त्यांच्यासाठी नेदरलँड्सचा पुरावा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 445 पेशंटांचे दोन गट केले. एकाला पहिल्या दिवसापासून लेवोडोपा, शंभर मिलिग्रॅम तीनदा. दुसऱ्याला चाळीस आठवडे नुसती साखरेची गोळी आणि मग लेवोडोपा. ऐंशी आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. लवकर घेणाऱ्यांचं काही बिघडलं नव्हतं, थांबलेल्यांनी काही कमावलं नव्हतं. उलट थांबलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना मुदतीआधीच खरं औषध द्यावं लागलं. बशीतल्या पेशींच्या भीतीला उत्तर त्याआधीच, 2004 च्या अमेरिकी चाचणीत मिळालं होतं. चाळीस आठवडे लेवोडोपा घेतलेल्यांचं औषध दोन आठवडे बंद करून तपासलं, तरी त्यांची अवस्था औषध न घेतलेल्यांपेक्षा बरी होती. मात्र गोळी आजार थांबवते असा दावा डच चाचणीनंतर कुणी करू नये. ती आजार थांबवत नाही. माणसाला चालतं ठेवते.

मग गोळी पुढे लवकर का उतरते? नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला नळ कधी येतो-जातो हे कळतही नाही. ज्याच्याकडे दोन घागरी आहेत त्याचा सगळा दिवस नळाच्या वेळेवर चालतो. सुरुवातीला मेंदूत शिल्लक असलेले मज्जातंतू गोळीतून आलेलं डोपामिन साठवून जपून सोडतात. लेवोडोपा रक्तातून दीड-दोन तासांत ओसरतं, तरी माणूस दिवसभर बरा असतो. आजार पुढे सरकतो तसे ते तंतू कमी होतात, साठवण जाते आणि रक्तातला चढउतार जसाच्या तसा हातापायांत उतरतो. टाकी आजार फोडतो. नळ दोन वर्षं बंद ठेवल्याने ती शाबूत राहत नाही.

पूर्वपक्षात एक दाणा खरा आहे, तो बाजूला काढून ठेवू. वळवळीचा संबंध मात्रेशी आहे. अमेरिकी चाचणीत ती दिवसाला सहाशे मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात उठून दिसली. पन्नाशीच्या आत आजार लागलेल्यांना तिचा धोका जास्त. म्हणून लवकर सुरू करणं म्हणजे भरपूर घेणं नाही. हात चालेल इतकीच मात्रा, आणि ती वाढवताना हिशोब. तारखेची काटकसर निरुपयोगी आहे, मात्रेची उपयोगी.

मग सुरू कधी करायची? काम अडायला लागलं की. या आजारात कामासारखा चोख मोजमापक दवाखान्यातही नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात पाहा. एका हाताने पऱ्हाटीची फांदी धरायची, दुसऱ्याच्या तीन बोटांनी उमललेल्या बोंडातून सरकी-रुईची पाकळी एका ओढीत काढायची, मुठीत साठवायची, मूठ भरली की ओटीत टाकायची. पार्किन्सन्समध्ये बोटांची ती चिमट दरवेळी थोडी लहान, थोडी सावकाश होत जाते. कंप नसला तरी. बऱ्याच जणांना कंप नसतोच, आणि तिथेच निदान चुकतं. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे मंदावलेला हात संध्याकाळच्या वजनात दिसतो. डॉक्टरच्या लक्षात येण्याआधी मुकादमाच्या लक्षात येतो. दुकानदाराच्या वहीत तो वेगळा दिसतो: ओळीची सुरुवात ठसठशीत आणि शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं. शिंप्याला सुई ओवता येते पण काज करायला दुप्पट वेळ लागतो. या माणसांना ‘अजून निभतंय ना?’ असं विचारणं चूक आहे. सहा महिन्यांपूर्वी जेवढं होत होतं तेवढं होतंय का, हे विचारावं.

एकदा काम हे माप ठरलं की गोळीच्या वेळाही त्यावरूनच लागतात. आपल्याकडे गोळी ‘जेवणानंतर’ घ्यायची सवय, आणि जेवणात वरण. डाळीतली, दुधातली, सोयाबीन वडीतली प्रथिनं आतड्यात आणि पुढे मेंदूच्या वेशीवर लेवोडोपाच्याच दाराने आत जाऊ पाहतात. गर्दीत गोळी बाहेर राहते आणि माणूस म्हणतो, आज काही चढली नाही. अर्धा-पाऊण तास आधी, पाण्याबरोबर घेतली की तीच गोळी काम करते. वरण सोडायचं कारण नाही. ज्याला फरक जाणवतो त्याने त्याचा मोठा वाटा रात्रीच्या ताटात ढकलावा.

गोळी ‘बाधते’ ही तक्रारही तपासून घेतली पाहिजे. पाकिटावरचे 110, 125, 275 हे आकडे लेवोडोपा आणि त्याच्या जोडीच्या कार्बिडोपाची बेरीज असतात. कार्बिडोपाचं काम लेवोडोपाला वाटेतच खर्च होऊ न देणं, म्हणजे मळमळ टाळणं. त्यासाठी ते दिवसाला निदान सत्तर मिलिग्रॅम लागतं. 110 च्या तीन गोळ्यांत ते तीसच मिळतं. मग मळमळ होते, मळमळीवर कुणीतरी मेटोक्लोप्रामाइड देतं, ते मेंदूतलं डोपामिनच अडवतं, माणूस आणखी आखडतो आणि गावभर होतं की गोळी लागू पडली नाही. 125 च्या तीन गोळ्यांत लेवोडोपा तेवढंच, कार्बिडोपा पंचाहत्तर. मात्र हा बदल डॉक्टरकडून करून घ्यायचा, आणि चालू गोळी एकदम बंद तर कधीच करायची नाही. त्यात तापासह जिवावरचं दुखणं उद्भवू शकतं.

मेटोक्लोप्रामाइडसारखीच डोपामिन अडवणारी आणखी दोन औषधं आपल्याकडे सर्रास चालतात: गॅसच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड आणि चक्करेवरचं सिनारिझिन. महिनोन्‌महिने घेतली तर दोन्ही हुबेहूब पार्किन्सन्स उभा करतात, आणि डॉक्टरांनी ती थांबवली की पुष्कळांचा तो ओसरतो. निदानाआधी घरातली गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करणं हे एमआरआयपेक्षा स्वस्त आणि कित्येकदा जास्त कामाचं आहे.

लेवोडोपा राखायच्या नादात जे दिलं जातं ते तरी निरुपद्रवी असतं का? ट्रायहेक्सिफेनिडिल स्वस्त आहे, कंपावर चालतं, पण सत्तरीच्या माणसाला विसराळूपणा, भ्रम, लघवी अडणं, बद्धकोष्ठ देतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं काहींना अचानक झोप आणतात आणि काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लावतात; काळीपिवळी चालवणाऱ्याला ती न सांगता देणं घातक. ‘झाडपाल्याचं काही होत नाही’ म्हणून खाजकुइलीची पूड घेणारेही आहेत. त्यांना हसू नये, कारण खाजकुइलीच्या बीत खरोखरच लेवोडोपा असतं. 1937 मध्येच भारतीय संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं होतं. पण मग पूड घेणाऱ्याने गोळी राखली कुठे? तीच गोळी तो मापाविना, कार्बिडोपाविना घेतो आहे.

राहिलं जुळं भावंड, आरामाचं. मराठी मनात या आजाराचं चित्र पु. ल. देशपांडे यांच्या अखेरच्या वर्षांचं आहे, आणि शेवटच्या पानावरून लोक पहिलं पान वाचतात. सगळी कामं चालू ठेवावीत असं माझं म्हणणं नाही. मळणीयंत्र, उंचावरचं काम, जड वाहन यांचा निर्णय तपासणी करूनच व्हावा. फवारणीचा पंप मात्र निदान झाल्याच्या दिवशीच खाली ठेवावा. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि 2017 च्या हंगामात फवारणीने याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावलेली आहेत. पण दुकान, वही, शिलाई, वर्ग, गुरंढोरं ही कामं सोडायला लावणं म्हणजे आखडत चाललेल्या शरीराची उरलीसुरली हालचालही काढून घेणं.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला किंवा तहसीलमधल्या लिपिकाला तर कायदाच पाठीशी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सचं नाव आहे. याच कायद्याच्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं, आणि तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावं लागतं. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात हा आजार धरलेला नाही, आणि खाजगी जिनिंगमधल्या मुनिमाला या कलमाचा उपयोग नाही, या उणिवा आहेतच. पण ‘सर, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका’ असं प्रेमाने सांगणाऱ्या सहकाऱ्यांनी आधी हे कलम वाचावं. एकदा अर्जावर सही झाली की पुढचं भांडण कोर्टात, आणि ते त्या थरथरत्या हातानेच लढायचं असतं.