हस्तस्वच्छता, रुग्णालयीन

कर्मचाऱ्यांच्या हातांवरून रुग्णांपर्यंत होणारा जंतुप्रसार थांबवण्यासाठी योग्य वेळी, योग्य रीतीने हात स्वच्छ करण्याचा आचार. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक व सफाई कामगार या सर्वांना तो लागू आहे.

इतिहास : व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिज्वराने अनेक बाळंतिणी दगावत. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांचे व विद्यार्थ्यांचे हात याला कारण आहेत, हे तेथील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्यांच्या विभागात १८४६ साली ११.४ टक्के असलेले मृत्युप्रमाण १८४८ साली सुमारे १.३ टक्क्यांवर आले.

पद्धत : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, सलाइन, कॅथेटर यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हाताळून झाल्यावर, आणि खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लागल्यावर. अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद चोळावे लागते. साबण-पाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. हातांवर मळ दिसत असेल, तर साबण-पाणीच हवे. हातमोजे घातले तरी हात स्वच्छ करणे टळत नाही. प्रशिक्षणात पायऱ्या लक्षात राहाव्यात म्हणून ‘सुमन-के’ हे हिंदी सूत्र वापरतात : सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगुठा, नाखून, कलाई.

मराठवाड्यातील परिस्थिती : हिमायतनगर (जि. नांदेड) येथील ग्रामीण रुग्णालयासारख्या संस्थांत बाळंतपणे, मलमपट्टी, इंजेक्शने ही नित्याची कामे होतात, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. या भागात हस्तस्वच्छता पाणीपुरवठ्याशी बांधलेली आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नळ कोरडा असला तरी खाटेशेजारी ठेवलेली द्रावणाची बाटली कामी येते. ८० टक्के इथेनॉल, ग्लिसरॉल व अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे हे द्रावण रुग्णालयाच्या औषधशाळेतही बनवता येते. दुसरी अडचण मनुष्यबळाची. एका परिचारिकेकडे जितके अधिक रुग्ण, तितके हात स्वच्छ करण्याचे प्रसंग वाढतात आणि सवड घटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोठ्या संख्येने झालेल्या मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यातील सरकारी रुग्णालयांमधील रिक्त पदांचा प्रश्नही पुढे आला.

सुधारणेचे उपाय : केवळ सूचनाफलक लावून सवय बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच गोष्टी एकत्र राबवण्यास सांगते : साधनांची उपलब्धता, प्रशिक्षण, निरीक्षण व त्याचा निकाल कर्मचाऱ्यांना कळवणे, कामाच्या जागी आठवण करून देणारे फलक आणि वरिष्ठांचा सक्रिय पाठिंबा. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पित्ते यांच्या पथकाने १९९४ ते १९९७ या काळात अशी मोहीम राबवली. तेथे हस्तस्वच्छतेचे पालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले.

भारतात २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांना संसर्ग नियंत्रणासाठी गुण मिळतात. हस्तस्वच्छता हा त्यातील एक निकष आहे. पाहणीच्या दिवशी वॉश बेसिनवर साबण ठेवून तो निकष कागदावर पूर्ण झालेला दिसू शकतो. पालन मात्र रोजच्या पाळीतील निरीक्षणातूनच कळते.