खार, खाजण आणि शिलोत्री

खालापूर तालुक्यास समुद्र नाहीं. तरी या तालुक्याचें पाणी अखेर खाडीचेंच होतें. खोपोलीवरून वाहणारी पाताळगंगा आणि उंबरखिंडीजवळून जाणारी अंबा या दोन्ही नद्या धरमतरच्या खाडीस मिळतात. इ. स. १६६१ मध्यें जेथें कारतलबखानाचा पाडाव झाला ती उंबरखिंड इतिहासज्ञांच्या परिचयाची आहे. परंतु तिच्या पायथ्याचें पाणी पुढें जेथें खारें होतें, तेथील भूमीचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. त्याची साधनें जुन्या दप्तरांतच आहेत. तीं कशीं वाचावीं, याविषयीं दोन शब्द लिहितों.

भरतीचें पाणी ज्या दलदलींत पसरतें व जेथें तिवरें वाढतात तें खाजण. तीच जमीन बांध घालून खाडीपासून सोडविली म्हणजे खार होते. बांधास उघाडी ठेवावयाची. ओहोटीस पावसाचें पाणी तींतून बाहेर जावें व भरतीस ती मिटून खारें पाणी आंत न यावें. कांहीं पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालें म्हणजे काळा रता, भुरा रता अशीं खार सोसणारीं भातें पिकूं लागतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यांत अशा जमिनीस शिलोत्री हें नांव होतें व बांध राखणारा तो शिलोत्रीदार. अलिबागेकडे गांवकऱ्यांनीं मिळून बांध राखण्याच्या रीतीस जोळ म्हणत. सारांश, येथें जमिनीचा हक्क आणि बांधाची जबाबदारी हीं एकमेकांस जोडलेलीं होतीं.

ही जबाबदारी सुटली कीं खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपतें, आणि एखाद्या मोठ्या उधाणास बांधाला खांड जाते. ती वेळेवर बुजविली तर पीकच जातें. न बुजविली तर शेत जातें. मात्र हा नुसता नाश नव्हे. रोजच्या भरतीबरोबर गाळ बसतो. तिवराचीं बीजें वाहत येऊन रुजतात. चिखलांतून वर आलेलीं त्यांचीं श्वासमुळें आणखी गाळ धरतात. मागोमाग कोळंबी, खेकडे व लहान मासे आश्रयास येतात. शेतकऱ्याची जी हानि, तीच खाजणाची पुनःस्थापना होय.

म्हणून एखाद्या कागदांत ‘खाजण’ किंवा ‘पड’ अशी नोंद आढळल्यास ती जमीन अनादिकालापासून ओसाड होती असा निष्कर्ष काढूं नये. त्याच थळाची मागील व पुढील नोंद शोधावी. आधीं खाजण व नंतर खार असेल तर नवा बांध झाला. उलट असेल तर बांध फुटला, असा तर्क प्रथम करावा व मग इतर पुरावा पाहावा.

दुसरी सावधगिरी पाण्याविषयीं. इ. स. १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील वीजगृहांतून घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी पाताळगंगेंत येतें. जें पाणी इंद्रायणीवाटे भीमेस जावयाचें तें बारा महिने पश्चिमेस वाहूं लागलें. अर्थात् आजच्या पात्रावरून पेशवाईंतील नदीच्या उन्हाळी प्रवाहाचें अनुमान करणें धोक्याचें आहे.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. बांधांसाठीं १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व पुढें १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. तरी फुटलेल्या कित्येक खारींवर आज तिवरांचें रान उभें आहे. मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ चा अंतरिम आदेश व १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल यांन्वयें, मालकी कोणाचीहि असो, तिवरांच्या तोडीस मनाई केली. सार्वजनिक हिताचें कारण न्यायालयास पटल्यासच अपवाद. हें रक्षण आम्हांस योग्य वाटतें. परंतु सातबाऱ्यावर शेत आणि जागेवर रान अशा स्थितींतल्या कुटुंबाच्या पूर्वजांनीं तेथें बांध राखला होता, हें सत्य त्यामुळें पुसलें जाऊं नये.

तें सत्य सनदांत क्वचित्‌च सांपडेल. बांधाच्या मजुरीचे हिशेब, उघाडीच्या दुरुस्तीच्या याद्या, खांड बुजविण्यासाठीं केलेल्या वर्गणीचे कागद यांत तें आहे. असे कागद मोडी रुमालांत क्षुल्लक म्हणून शेवटीं पडतात व प्रथम वाळवीस जातात. संग्राहकांनीं ते वेगळे काढून, गांव, थळ व मिति यांसह त्यांची टांचणें करावीं, अशी आमची विनंति आहे.