३१२, अझुसा स्ट्रीट

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला, त्याबद्दलचा आदर म्हणून. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या बाबतीतही इथल्या लोकांनी हा कित्ता गिरवावा, अशी त्यामागची आशा होती. ही अर्पणपत्रिका आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पुण्यात ते पुस्तक छापलं जात होतं, तेव्हा अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात सेंटरव्हिल नावाच्या गावी एक तीन वर्षांचं पोर वाढत होतं, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात नसतं. त्याचे आईवडील त्याच मुक्त झालेल्या गुलामांपैकी होते. मुलाचं नाव विल्यम जोसेफ सीमोर. फुल्यांना ज्या मुक्तीचं कौतुक वाटलं, ती पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कुठवर पोचली, हे या एका माणसाच्या आयुष्यातून स्पष्ट दिसतं.

सीमोरचा जन्म २ मे १८७० चा. उसाच्या मळ्यांचा मुलूख. बाप यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेला. युद्धानंतर काही वर्षं असं वाटत होतं की काळ्यांना मत मिळेल, शाळा मिळेल, जमीन मिळेल. मग उत्तरेचं सैन्य दक्षिणेतून निघून गेलं आणि गोऱ्यांनी सत्ता पुन्हा हातात घेतली. लुइझियानातच होमर प्लेसी हा माणूस गोऱ्यांसाठी राखलेल्या रेल्वेच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला आणि त्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली निर्वाळा दिला, की वेगळं ठेवणं म्हणजे असमान वागवणं नव्हे. मग डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे, दफनभूमीही वेगळी. चर्चसाठी वेगळ्या कायद्याची गरजच पडली नाही. रविवारी सकाळी गोरे आणि काळे आपापल्या देवळात जाऊन एकाच ख्रिस्ताची स्तोत्रं गात होते.

सीमोर तरुणपणी उत्तरेकडे गेला. इंडियानापोलिसमध्ये हॉटेलांत वेटर म्हणून राबला, पुढे सिनसिनाटीला गेला. देवीच्या आजाराने त्याचा एक डोळा गेला. शिक्षण बेताचं, बोलणं हळू, स्वभाव मवाळ. सभा गाजवणारा वक्ता म्हणून कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं.

१९०६ च्या सुरुवातीला तो टेक्सासमधल्या ह्यूस्टनला होता. तिथे चार्ल्स पारहम नावाच्या गोऱ्या प्रचारकाने बायबलचे वर्ग चालवले होते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाची गोष्ट आहे. यरुशलेमेत जमलेल्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते न शिकलेल्या भाषांत बोलू लागले. पारहमचं म्हणणं असं, की हे पुन्हा घडू शकतं आणि अन्य भाषांत बोलणं हीच आत्मा मिळाल्याची खूण. सीमोरला हे शिकायचं होतं. पण टेक्सासच्या रिवाजाप्रमाणे काळ्याने गोऱ्यांबरोबर एका वर्गात बसायचं नव्हतं. पारहमने तोड काढली: सीमोरने बाहेर व्हरांड्यात बसावं, दार किलकिलं ठेवू. सीमोर बसला आणि त्या फटीतून शिकला.

मराठी वाचकाला इथे काय आठवेल ते सांगायला नको. त्याच दशकात साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून वेगळा बसत होता.

फेब्रुवारीत सीमोरला लॉस एंजेलिसमधल्या एका लहानशा कृष्णवर्णीय मंडळीचं बोलावणं आलं. तो गेला, प्रवचन केलं आणि अन्य भाषांचा मुद्दा मांडला. मंडळीच्या प्रमुख बाईंना तो पटला नाही. सीमोर पुढच्या सभेला गेला तेव्हा दाराला कुलूप होतं. खिशात परतीचे पैसे नव्हते. एका कृष्णवर्णीय कुटुंबाने त्याला आसरा दिला. तिथून प्रार्थना नॉर्थ बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या अ‍ॅस्बेरी कुटुंबाच्या घरी हलली. येणारे बहुतेक झाडूपोछा करणारे आणि गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी करणारे लोक. ९ एप्रिल १९०६ च्या रात्री त्या घरात पहिल्यांदा अन्य भाषांत बोलणं झालं आणि बातमी वाऱ्यासारखी पसरली. गर्दी घरात मावेना तेव्हा त्यांनी अझुसा स्ट्रीटवरची एक पडीक इमारत भाड्याने घेतली. महिना आठ डॉलर.

ही इमारत मुळात एका काळ्या मेथडिस्ट मंडळीचं चर्च. मंडळी दुसरीकडे गेली, इमारत अर्धीमुर्धी जळाली, मग खाली तबेला आणि लाकूडसामानाचं गोदाम झालं. यांनी शेण उपसलं, जमिनीवर भुस्सा पसरला, खिळ्यांच्या रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून बाकं केली. एकावर एक ठेवलेली दोन खोकी हे व्यासपीठ, आणि तेही टोकाला उंचावर नव्हतं. लोक त्याच्या भोवताली एकाच पातळीवर बसत. सभा चालू असताना सीमोर पुष्कळदा वरच्या खोक्यात डोकं घालून प्रार्थना करत बसे. ज्याला सांगायचं असेल तो उठून सांगे. वर्गणीसाठी ताट फिरत नसे, दाराशी पेटी होती. दिवसाला तीन-तीन सभा, आणि हे जवळपास तीन वर्षं चाललं.

१८ एप्रिलच्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने या जागेवर पहिली बातमी छापली आणि यथेच्छ टिंगल केली. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला. शेवटचा दिवस आला असं मानणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, यात नवल नाही. पण वृत्तपत्रांच्या टिंगलीत एक गोष्ट पुन:पुन्हा येते. आरडाओरडा, किंचाळणं, जमिनीवर पडणं हे सगळं त्यांना हास्यास्पद वाटलंच; पण त्याहून जास्त खुपलं ते काळे आणि गोरे एकमेकांना बिलगतात, गोऱ्या बायका काळ्या पुरुषांकडून आशीर्वाद घेतात, हे. दक्षिणेत तेव्हा एवढ्या कारणावरून माणसाला झाडाला टांगत. अझुसा स्ट्रीटवर काळे, गोरे, मेक्सिकन असे सगळे एका फळीवर बसत होते. कारभार पाहणाऱ्या मंडळात दोन्ही वर्णांचे लोक होते, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि सगळ्यांचा पुढारी होता गुलामांच्या पोटी जन्मलेला माणूस.

अन्य भाषांत बोलणं या प्रकाराकडे मी श्रद्धेने पाहू शकत नाही. पण तो बाजूला काढून ही गोष्ट सांगताही येत नाही. त्या लोकांच्या दृष्टीने तर्क सरळ होता: ज्याच्यावर देवाने आत्मा ओतला, त्याला मी अस्पर्श कसा मानू? ‘कृत्ये’मध्ये पेत्राचं असंच झालेलं आहे, कर्नेल्य या परजातीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी आत्मा उतरलेला पाहून त्याला आपला विटाळाचा विचार सोडावा लागला. आणि पवित्र आत्मा शाळेचा दाखला विचारत नाही. मोलकरणीला तो मिळतो, तिच्या मालकिणीला मिळेलच असं नाही. मग मालकिणीने मोलकरणीला म्हणायचं, माझ्या डोक्यावर हात ठेव.

हे प्रत्यक्षात किती अवघड होतं, ते गॅस्टन कॅशवेलच्या हकिकतीत दिसतं. हा नॉर्थ कॅरोलिनातल्या डन गावचा गोरा धर्मोपदेशक. बातम्या वाचून १९०६ च्या अखेरीस आगगाडीने अख्खा देश ओलांडून तो आला. सभेत एका काळ्या तरुणाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला घेतला आणि त्याच्या अंगावर शहारा आला. तो उठून मुक्कामी निघून गेला. पुढे त्याने स्वत:च छापून सांगितलं की त्या काळात त्याला बऱ्याच गोष्टींना मरावं लागलं. काही दिवसांनी तो परत आला, आणि सीमोर व त्या काळ्या तरुणांनी आपल्यावर हात ठेवावेत अशी त्याने विनंती केली. मग गावी परतून तंबाखूच्या एका वखारीत सभा घेतल्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्या मंडळ्यांत ही चळवळ त्यानेच नेली. त्या मंडळ्यांनी त्याच्याकडून अन्य भाषा घेतल्या. डोक्यावरचे काळे हात मात्र लॉस एंजेलिसलाच राहिले.

ऑक्टोबर १९०६ मध्ये पारहम स्वत: आपल्या विद्यार्थ्याचं काम पाहायला आला होता. आपण शिकवलेलं एवढं फळलं म्हणून खूश होण्याऐवजी तो किळसला. काळ्या-गोऱ्यांची ती सरमिसळ त्याला सहन झाली नाही. त्याने तिथेच उभं राहून निषेध केला. मंडळीने त्याला वाट दाखवली. त्याने जवळच आपली वेगळी सभा थाटली, ती टिकली नाही. पुढे हा माणूस कू क्लक्स क्लॅनची तारीफ करण्यापर्यंत गेला. ज्याने दाराची फट ठेवली, त्याला ते दार सताड उघडलेलं बघवलं नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट मध्ये आणायला हवी. अझुसाच्या आधी दहा महिने, जून १९०५ मध्ये, पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये असंच काहीसं सुरू झालं होतं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या अनेक जातींच्या मुली तिथे एकत्र राहत. त्या रडत, मोठ्याने एकसाथ प्रार्थना करत, अंगात आग उतरल्यासारखं वाटतंय म्हणत. पुढे तिथेही अन्य भाषांत बोलणं झालं. पुण्याच्या शारदा सदनात विधवांच्या जातीचे सोवळ्याचे नियम सांभाळणाऱ्या रमाबाई तोवर फार पुढे आल्या होत्या. अमेरिकेत त्या १८८६ ते १८८८ राहिल्या होत्या, आणि १८८९ साली आलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात तिथल्या वर्णद्वेषाकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही. अझुसा स्ट्रीटचं ‘अपोस्टॉलिक फेथ’ हे पत्र भारतातल्या या बातम्या आनंदाने छापत होतं. अझुसावरून निघालेलं गार नावाचं एक गोरं जोडपं १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण आणलेली नवलाई इथे आधीच येऊन बसली आहे. केडगावच्या मिनी अ‍ॅब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्पाराइसोला त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम त्या पुस्तिकेशी जोडला जातो. म्हणजे चिलीच्या चर्चची एक मुळी केडगावात निघते. ‘सगळं अझुसालाच सुरू झालं’ असं सांगणाऱ्या अमेरिकी इतिहासकारांना हे मान्य करायला बराच काळ लागला. रमाबाईंनी अन्य भाषा हीच एकमेव खूण, असा आग्रह मात्र कधी धरला नाही. मला तो त्यांचा शहाणपणा वाटतो.

अझुसाला उतार लागला तो आतून. १९०८ च्या मे महिन्यात सीमोरने जेनी इव्हान्स मूर हिच्याशी लग्न केलं. पत्राचं काम पाहणाऱ्या गोऱ्या क्लारा लम यांना ते रुचलं नाही. त्या पोर्टलंडला गेल्या आणि जाताना वर्गणीदारांच्या याद्या घेऊन गेल्या. भरात असताना ज्या पत्राच्या पन्नास हजारांपर्यंत प्रती निघत, ते सीमोरच्या हातून गेलं, आणि त्याबरोबर देशभरातल्या लोकांशी असलेला त्याचा संबंधही. १९११ साली तो दौऱ्यावर असताना शिकागोचा गोरा प्रचारक विल्यम डरहम येऊन त्याच्याच जागेत सभा घेऊ लागला. गर्दी परत आली, पण शिकवण वेगळी आणि पुढारी वेगळा. सीमोर तातडीने परतला आणि त्याने दाराला कुलूप लावलं. पाच वर्षांपूर्वी कुलपाबाहेर तो उभा होता.

मग १९१४ साल. मेम्फिसच्या चार्ल्स मेसनने अझुसाला पाच आठवडे राहून हा अनुभव घेतला होता. त्याची ‘चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट’ ही काळ्यांची मंडळी, आणि अनेक गोऱ्या उपदेशकांची दीक्षा त्याच्या नावाखाली झालेली. एप्रिलमध्ये हॉट स्प्रिंग्सला गोऱ्यांनी एकत्र येऊन ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ स्थापन केली. मेसन तिथे आला, प्रवचन केलं, आशीर्वाद दिला आणि आपल्या गावी परत गेला. भांडण नाही, ठराव नाही. वाटण्या मात्र झाल्या.

सीमोरने १९१५ मध्ये आपल्या मंडळीची नियमावली छापली. तिच्यात पुढारीपण कृष्णवर्णीयांपुरतं राखलं आहे. हे भेदभावासाठी नाही, तंटे टाळण्यासाठी आहे, आणि गोऱ्या बांधवांवर आपण प्रेमच केलं पाहिजे, असं त्याने तिथे समजावून सांगितलं आहे. त्याचे चरित्रकार या कलमापाशी थोडे अवघडतात. मला त्यात त्याचा पराभव दिसतो, पण लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. तीन वेळा ज्याच्या हातून घर काढून घेण्याचा प्रयत्न झाला, त्याने चौथ्यांदा किल्ली स्वत:कडे ठेवली. शेवटच्या काळात त्याच्याकडे मूठभर लोक उरले होते, बहुतेक काळेच. २८ सप्टेंबर १९२२ रोजी तो गेला. रमाबाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेल्या होत्या. जेनीने काही वर्षं सभा चालवल्या, पण १९३१ साली इमारत पाडण्यात आली.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी महासंघ केला, तेव्हा त्यात एकही कृष्णवर्णीय मंडळी नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये मेम्फिसला या महासंघाने स्वत:ला विसर्जित केलं आणि काळ्या मंडळ्यांसह नवा संघ काढला. त्या सभेत एका गोऱ्या पाळकाने एका काळ्या बिशपचे पाय धुतले आणि माफी मागितली. सीमोरला जाऊन तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

अझुसा स्ट्रीट आता लॉस एंजेलिसच्या ‘लिटल टोकियो’ भागातली एक अरुंद गल्ली आहे. जिथे ती इमारत होती, तिथे जपानी-अमेरिकन सांस्कृतिक केंद्राचं मोकळं आवार आहे. एक फलक आहे. तो शोधत जगभरातून माणसं येतात, घानाची, ब्राझीलची, कोरियाची, केरळची, आणि दगडी फरशीवर उभी राहून डोळे मिटतात.