वतन रक्तात नव्हते, दप्तरात होते

"जात ही निसर्गाचीच निवड आहे, ज्याच्या रक्तात जे असते तेच तो करतो," असे सांगणारे आजही भेटतात. वर डार्विनचा दाखला! शिकलेल्या तरुणांनाही यावर पटकन उत्तर सुचत नाही, म्हणून आम्ही हा इतिहास मांडत आहोत.

आधी डार्विनचे म्हणणे समजून घेऊ. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की बहुतेक अळ्या मरतात, पण जन्मतःच थोड्या वेगळ्या असलेल्या काही वाचतात. त्यांचीच पैदास वाढते आणि काही हंगामांनी ते औषध लागू पडेनासे होते. वेगळेपण, वारसा आणि त्या परिस्थितीत टिकणे, या तिन्ही गोष्टी मिळून नैसर्गिक निवड होते. वाचलेली अळी काही श्रेष्ठ नसते. औषध बदलले की तीही मरते. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. 'सर्वात लायक तोच टिकतो' हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. पुढे सोयीने त्याचे 'बळी तो कान पिळी' करण्यात आले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेब स्वतः आले होते. वतन म्हणजे काय? सांगावा पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे, गाव सांगेल तिथे राबणे. आणि बापानंतर तेच मुलाने करणे. अळीचा गुण तिच्या शरीरातून पुढे जातो. वतन कोणाच्या शरीरातून जात होते? ते जात होते दप्तरातल्या नोंदीतून, पाटलाच्या हुकमातून आणि नकार दिल्यावर पडणाऱ्या बहिष्कारातून. म्हणूनच आपल्या आजोबा-पणजोबांना ते झुगारता आले. रक्तातली गोष्ट ठराव करून सोडता येत नाही.

बाबासाहेबांनी हा 'रक्ता'चा दावा आयुष्यभर तपासला. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत दाखवले. म्हणजे हे कुंपण माणसांनी घातलेले आहे, निसर्गाने नव्हे. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी सांगितले की, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत. बुद्धीसारखे गुण एखाद्या ठरावीक पद्धतीने वारशात उतरतात असे दिसत नाही, हे जीवशास्त्रज्ञ बेटसन यांचे मतही त्यांनी त्यात दिले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाच्या मापावरून जातीची पायरी ठरवत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये बाबासाहेबांनी तशाच मापांचे आकडे घेऊन दाखवले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत.

जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेत, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. उत्क्रांती सांगते की सगळी माणसे एकाच मुळातून आली. मुखातून आणि पायातून वेगवेगळे जन्मल्याची कथा त्यापुढे टिकत नाही. हा धडा कोणाला नकोसा वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना हा धडा मुद्दाम शिकवा. मार्कांसाठी नव्हे, उद्या कोणी 'रक्त' काढले तर त्यांना उत्तर देता यावे, यासाठी.

जय भीम!